पाताळगरडी

विरुपाक्ष सर वडगावहून स्कूटीवर आले,
खिशात चौघडी घातलेला कागद :
चार नख्यांचं लोखंड, बुडाला कडी, कडीत दोर.
"कागिनावा," म्हणाले, "जपानी.
रात्री भिंतीवर फेकायचा, रुतला की चढायचं.
तलवार घेऊन कुणी आलंच
तर हाच गरगर फिरवायचा,
बाही ओढायची, मनगट ओढायचं,
मग सगळा माणूस."

आप्पानं कागद उलटा धरला.
मग सुलटा.
मग परत उलटा.
"ही तर आपली पाताळगरडी की ओ."

येळ्ळूरात आमच्या गल्लीला एकच होती,
न्यायची तर तांब्या तारण ठेवून.
कळशी सुटली की ती आत उतरायची,
आंधळ्यासारखी तळ चाचपत,
आणि कळशीआधी भलतंच वर यायचं :
खुरपं, पोराची चड्डी,
एकदा तुळसाक्काची बांगडी,
जिच्यापायी तिनं जावेशी
तीन वर्षं बोलणं टाकलं होतं.
चिखलासकट बांगडी मुठीत धरून
ती काठावर बसून राहिली.
जाऊ तोवर गोकाकला गेलेली, मुलाकडं.
दोर कुणी गुंडाळला, आठवत नाही.

मी भाता ओढत होते.
सरांना टोकं पाहिजेत सुईसारखी.
"धार नको ओ. कळशीला भोक पडतंय."
"अहो, इथं कुठाय कळशी?"
"माणूस तर हाय की."
आणि लालभडक नखी ऐरणीवर घेऊन
त्यानं चारही टोकं बोथट केली,
एकेक,
बाळाची नखं काढावीत तशी.

संध्याकाळी शाळेच्या भिंतीवर फेकून बघितला.
पहिला पडला. दुसरा पडला.
तिसरा हेडमास्तरांच्या खिडकीवर.
चौथ्याला वर कुठंतरी खट्ट झालं
आणि कराटेच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या.
सर चढत होते, पांढरे कपडे, पांढरा दोर.
सगळ्यांच्या माना वर.
आप्पा तेवढा खाली बघत उभा,
दोराचं टोक दोन बोटांत धरून,
पाणी किती खोल आहे
ते हाताला कळावं तसा.

पैसे मोजून दिले सरांनी.
तरी सवयीनं आप्पा म्हणाला,
"तारण ठेवून जावा."
सर हसले, डोक्यावरचं हेल्मेट काढून ठेवलं,
आणि तसेच गेले.

अजून न्यायला आले नाहीत.
भात्याशेजारी पडलंय.
तांबडी कोंबडी त्यात अंडी घालते.