पाणी कुठवर

कॅनडा कॉर्नरला, दुसऱ्या मजल्यावर,
डॉक्टर आहेर बाईंनी विचारलं,
गेल्या दोन आठवड्यांत
दिवसातला बराच वेळ, जवळजवळ रोज,
उदास वाटलं का?
मी म्हटलं, कुठला दिवस?

मंगळवारी सकाळी मी मेलेली होते.
सव्वाअकराला निलांबरीचा मेसेज आला
तर सातपूरच्या कँटीनमध्ये
सगळ्यांना चहा पाजला, हसले,
पगारात न बसणारे कानातले मागवले.
बाराला तिनं माझं वाचलं, उत्तर नाही.
दोन निळ्या खुणा.
जिन्यात बसून आठ वेळा फोन लावला,
नवव्यांदा तिला शिवी दिली,
मग स्वतःला, जास्त घाण.
याला जवळजवळ रोज म्हणायचं
की तासाला?

तायडीला झालं होतं हे, बाळंतपणानंतर.
पिंपळगावला तीन महिने
भिंतीकडे तोंड करून पडून असायची,
तिला कुणीच नको होतं.
आई म्हणायची, बिचारी.
मला सगळे हवे असतात, आत्ता, दारात उभे,
म्हणून माझी नाटकं.

उदास हा शब्द मला ढगळ होतो,
तिच्या जुन्या ड्रेससारखा खांद्यावरून घसरतो.
उदास माणसात काहीतरी जड असतं.
माझ्यात नाही.
द्राक्षं गेल्यावर क्रेटमध्ये
कागदाची कात्रणं उरतात ना,
वारा आला की तेवढीच बोलतात.

पुराच्या दिवसांत गावभर विचारतात,
दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर?
गुडघ्याला, कमरेला, छातीला.
वरून धरणातून किती सोडलं, त्यावर सगळं.
मारुतीला कोण विचारतं, तुझा स्वभावच असा का?
तसं विचारा ना मला.

निलांबरी खोलीवर असली की घोट्याला.
परवा ती सिन्नरला गेली, एका रात्रीसाठी,
सांगून, माझा डबा भरून ठेवून,
तरी गळ्यापर्यंत.
मी डब्यातली भाजी मोरीत ओतली.
मग मोरीपाशीच बसून रडले,
भाजीसाठी.
गिलक्याची होती.

बाईंनी पेन खाली ठेवलं.
गोळी वाढवते, असं म्हणाल्या नाहीत.
म्हणाल्या, आणि आत्ता? इथे बसल्यावर कुठवर?
मला वाटलं, यांच्यासारखं जगात कुणी नाही,
या मला घरी नेतील का,
यांच्याकडे कोपऱ्यात एखादी गादी असेल.
मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

छातीला, मी म्हटलं.

म्हणणार होते, घोट्याला.