पान अकरा

पुस्तक एकच. पोरं एक्केचाळीस.
गेल्या वर्षीपर्यंत मी ते
आरतीचं तबक फिरवावं तसं फिरवायचे
खिडकीपासून दारापर्यंत,
आणि मागून ओरड: बाई, इकडं नाही आलं,
बाई, सुमेधचं डोकं मध्ये येतंय.
चित्र पोचेपर्यंत गोष्ट पुढे निघून गेलेली असायची.

आता माझा फोन
लोखंडी पट्टीला रबरबँडनं बांधलेला, तोंड खाली,
त्याच्याखाली पुस्तक,
आणि चेंबूरच्या लाल डोंगरावर, तिसरी ‘ब’च्या भिंतीवर,
पोपडे झाकायला जिथं कॅलेंडरं उलटी चिकटवलीत तिथं,
एक म्हैस.
म्हशीएवढी म्हैस.

पहिल्या दिवशी गोष्ट कुणी ऐकलीच नाही.
भिंतीवर माझा अंगठा आला होता,
दाराएवढा,
विळीची रेघ, नखात हळद.
‘बाई, तुमी काय चिरत होता?’

अंगठ्याची सवय झाली हळूहळू.
मग एकदा आम्रपालीनं, शेवटच्या बाकावरनं,
म्हशीच्या शिंगामागं खेकडा शोधला.
राईएवढा.
दोन वर्षं वाचतेय मी हे पुस्तक,
मला नव्हता दिसला.
मागची पानं दाखवा, म्हणाली. दाखवली.
प्रत्येक पानावर होता तो,
कुठं बादलीआड, कुठं चिखलात नुसता एक डोळा,
चित्रकारानं कुणासाठी तरी ठेवलेला.

काल पान अकरा.
म्हैस नाल्याकाठी उभी. पलीकडं अंधार.
मी आवाज खाली आणला,
पंख्याची कुरकुर तेवढी,
आणि म्हशीच्या पाठीवर टिंग करून
एक पांढरी पट्टी उतरली.
मी फोनवर झडप घालणार, तोवर
मंथन,
जोडाक्षर दिसलं की ज्याला तहान लागते,
जूनपासून ज्यानं एक ओळ वाचलेली नाही माझ्यासमोर,
उभा राहिला. बोट भिंतीकडं.

‘ये-ता-ना को… कोथिंबीर आण.
स्… स्व…
स्वस्त असेल तर दोन.’

वर्ग फुटला. मीही.
तो मात्र हसला नाही.
‘कुणी पाठवलं?’
‘सासूबाईंनी.’
‘मग आणा,’ म्हणाला आणि बसला.
म्हैस नाल्याकाठीच राहिली. घंटा झाली.

आज सकाळी मी फाटकातून आत शिरतेय
तर दप्तर पोटावर घेऊन उभा:
‘बाई, होती का स्वस्त?’

मी एकच जुडी आणली होती.