मोठ्यानं

विट्यात आमच्या बोळात सोळा माग होते.
त्यातले दोन गजराकाकीचे, भाड्याचे,
पत्र्याखाली, आमच्या भिंतीला भिंत लावून.
रात्री खटखट थांबली की मला जाग यायची.

आई-बाबा कोइमतूरला, गलाईच्या दुकानात,
सोनारांच्या पेढीतला केर जाळून कण कण सोनं काढत.
तिथं एकच खोली, शाळा तमिळ, आणि तेजाबाचा धूर.
म्हणून मी इथं.
"दोनच वर्षं," आई म्हणाली होती.
अकरा झाली.

काकीला ऐकू कमी यायचं.
धोट्यानं कान खाल्ले, म्हणायची,
उंदरानं चादर खाल्ली म्हणावं तसं.
"जेवलीस का गं?" तिनं विचारलं
की बोळातली घरं उत्तर द्यायची, जेवली, जेवली.
माझ्या परकराला पहिल्यांदा डाग पडला
तेव्हा ती कुजबुजलीच, तिच्या परीनं.
दुसऱ्या दिवशी दुकानातला पोपट्या
पेपरात गुंडाळलेला पुडा देताना
माझ्याकडं बघेना.
मी महिनाभर काकीशी अबोला धरला.
तिला तो ऐकूच आला नाही.

रविवारी फोन. आई हळू बोलायची, मिनिटं मोजत.
"अभ्यास कर." हो.
"काकीचं ऐक." हो.
मागून काकी: "सांग तिला, उवा गेल्या म्हणावं!"

आता दुकान मोडून आई आली,
बाबांचा फोटो घेऊन, माझ्याकडं, सांगलीला.
पहिल्याच सकाळी मी विचारलं, "चहा घेतलास का?"
ती दचकली. कप बशीत वाजला.
"अगं, मला ऐकू येतं."
काय सांगू तिला,
माया हळूही बोलता येते
हे मला ठाऊकच नव्हतं.

दिवाळीत दोघी विट्याला गेलो.
माग भंगारात गेलेत, पत्र्याखाली कुणाची तरी मोटरसायकल.
काकीला आता काहीच ऐकू येत नाही.
आई दारात, हातात साडीची पिशवी,
अकरा वर्षांचं एक वाक्य जुळवत.
जुळलं नाही. ओठ नुसते हलले.
काकीनं ते ओठ वाचले,
मागावरच्या बाया वाचतात तसे,
आणि सोळाच्या सोळा माग चालू असल्यागत ओरडली,
"ते ऱ्हाऊ दे! भाकरी खाऊन जावा!
पोरीला वांगं सोसत न्हाई, म्हाईत हाय न्हवं तुला?"

आईला माहीत नव्हतं.
"हो," ती म्हणाली,
सगळ्या बोळाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.