पाटी

एकाच पाटीसाठी झिंजाडेशेठनी मला तीनदा बोलावलं.

पहिल्यांदा लिहिलं लाल तेलरंगात, वीतभर अक्षर:
थांबा. या पाण्यात मगरी आहेत.
खाली मगर काढली.
बिभीषण नगरे होडी पालथी घालून डांबर फाशीत होता,
त्याला विचारून विचारून काढली.
पाठीवर खवल्यांच्या रांगा किती,
शेपूट कुठनं चपटं होतं,
तोंड मिटलं तरी दात दिसतात का.
दिसतो, म्हणाला, खालचा चौथा.
माझं जाळं त्यानंच फाडलंय.
तेवढा दात काढायचा राहिला. पांढरा रंग डब्यात खरवडूनही निघेना.

शेठ लांबूनच म्हणाले, दस्तगीर, अरे
लोक पुण्याहून पोरंबाळं घेऊन येतात
चुलीवरची चिलापी खायला,
आणि गाडीतनं उतरल्या उतरल्या हे?
मगर काढून टाक. खोल पाणी आहे, एवढं पुरे.

मग पाणी खोल आहे, कृपया काळजी घ्यावी.
मगरीवर पांढरा हात मारला.
वाळल्यावर खालून हिरवी पाठ वर आली.
अजून एक हात मारला.

तिसऱ्या खेपेला फक्त स्वागत लिहायचं होतं,
आणि बाण, फोटो काढायच्या पायऱ्यांकडं.
मगरीच्या जागी गुलाबी फ्लेमिंगो, एका पायावर उभा.
चांगला जमला होता. खोटं कशाला बोलू.

उन्हाळ्यात पाणी उतरतं
तेव्हा आमचं जुनं खळं उघडं पडतं,
मेढीचा खड्डासुद्धा दिसतो.
तिथं ती पडलेली असते दुपारभर, जबडा उघडा टाकून,
ऊन आत घेत.
आमच्या आज्याला धरणाचा मोबदला मिळाला,
सही करायला तहसीलात बोलावलं.
हिला कुणी काही विचारलं नाही.
आली आणि राहिली.
मला तिचा राग येत नाही. मी तिच्या पाण्यात उतरत नाही,
ती करमाळ्याच्या बाजारात येत नाही.

आधी रिसॉर्टचं कुत्रं गेलं, बिस्किट.
पळून गेलं, असं रजिस्टरात लिहिलं.
रात्री ताटातले काटे, डोकी, उरलेला रस्सा
वाढपी पायऱ्यांवरनंच ओतायचे.
बिभीषण म्हणायचा, अरे बाबांनो,
रोज वाढलं की पाहुणा वेळेवर येतो.
ते हसायचे.

रविवारी, दिवेलागणीला,
पिवळ्या फ्रॉकातली सहा-सात वर्षांची पोरगी
तिसऱ्या पायरीवर उकिडवी बसून
माशाचं डोकं पाण्याला देत होती.
पाण्याला.
वरनं बाप सांगत होता, जरा डावीकडं, अजून जरा खाली, हस.

बिभीषण काही बोलला नाही.
खाली गेला, तिला काखेतनं उचललं,
पाठमोरा न होता एकेक पायरी वर आला.
बाप धावला, हात कसा लावला माझ्या मुलीला?
शर्टाची दोन बटणं तुटली बिभीषणच्या.
तेवढ्यात खालचा ओंडका
फिरला.

फ्लेमिंगोखाली उभा राहून बाप थरथरत होता.
इथं साधी पाटी नको का लावायला, म्हणाला.
शेठनी माझ्याकडं बघितलं.
मी पाटीकडं.

चौथ्यांदा कुणी बोलावलं नाही.
रात्री आपणच गेलो, पत्रा खरवडायचं पातं घेऊन.
बिभीषणनं बॅटरी धरली.
आधी गुलाबी निघाला, मग स्वागत,
मग पांढरा, मग त्याखालचा पांढरा,
पापुद्रे पायावर पडत राहिले.
मगर होती तिथंच होती.
लाल अक्षरं थोडी उडालेली, पण वाचता येण्याजोगी.

मजुरी कुणाकडं मागायची, हा प्रश्नच होता.
पातं पुसत होतो,
तर बिभीषण बॅटरी खाली न घेता म्हणाला,
दात राहिलाय बघ.

बारीक ब्रश काढला.
खालचा चौथा.