दुय्यम प्रत

लाइपझिगच्या जुन्या बाजारात घेतलेली फुलदाणी
पोहण्याच्या टॉवेलात गुंडाळून तो आला.
कासेलचा दंतवैद्य. बूट दारातच पुसले.
"तुमच्याच कारखान्याची ना?"

मी चष्मा शोधू लागले.
तो सापडेपर्यंत बोटांनी तिला ओळखलं होतं.

आधी उलटी केली.
आमच्या घरात तळ आधी बघतात, चेहरा मग.
तळाशी निळी फांदी, तिच्याखाली एक अक्षर:
लेबेरेख्तचं, माझ्या पणजोबाचं,
ज्यानं गाय विकून पहिली भट्टी बांधली
आणि पहिल्याच जाळात सगळं घालवलं,
गाय धरून.

चिनी माती भट्टीत सहाव्या हिश्शानं आटते.
हे आम्हांला पाढ्यांच्या आधी यायचं.
हवं त्याहून मोठं घडवायचं,
आग आपला वाटा काढून घेणारच.
आजोबा हे हिशेबाच्या सुरात सांगत.
आई मात्र,
माझे दोन भाऊ रशियाला गेल्यावर,
या वाक्याशी ताटावरून उठून जायची.

बाहत्तर साली पाटी उतरवली. शिडी आमचीच होती.
सरकारी शिक्का आला, चौकोनी,
आणि मी त्याच स्टुलावर बसून
त्याच कपांना कान लावत राहिले, एकोणीस वर्षं.
मग भट्टी परत दिली, सही-शिक्क्यानिशी.
गिऱ्हाईक द्यायचं कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

"लिलाववाला म्हणाला,
खुणेवर ही आडवी चीर नसती
तर नऊशे युरो आले असते."
चीर आहे, मी म्हटलं.
चीर म्हणजे दुय्यम प्रत.
किंमत एक तृतीयांश, दुकानात मांडायची नाही.
"पण दोष कुठाय? मी भिंगातून पाहिलं."

मी फुलदाणी सुलट केली.
ओढ्याकाठचा दगड, दगडावर धोबी पक्षी,
शेपटी आत्ताच हलून थांबल्यासारखी.
पाय मोजा, म्हटलं.
त्यानं मोजला. एकच.

थेक्ला आत्याचा हात. डावा.
तिची गवताची पाती सगळी उजवीकडे झुकतात,
वारा कुठूनही असो.
ती डोळे मिटून चिमणीचं नख काढू शकायची.
आणि तरी पाय विसरायची,
विशेषतः मे महिन्यात,
जेव्हा लाकडाच्या वखारीतल्या पोरींची लग्नं ठरायची
आणि मापात चांगली फुलदाणी
त्यांच्या चार महिन्यांच्या पगारात बसायची नाही.
दुय्यम बसायची.

आजोबांची वही माझ्याकडे आहे.
जाड पुठ्ठा, कडेला मातीचा अंगठा.
"थेक्ला. पक्ष्याचा पाय विसरली."
खालच्या पानावर पुन्हा. त्याच्या खालच्यावरही.
सतरा वर्षांत सव्वीस वेळा,
आणि एकदाही पुढे दंड लिहिलेला नाही.
इतर रंगाऱ्यांचा मात्र थेंबाथेंबाचा दंड आहे, फेनिगपर्यंत.

खुणेवरची चीर हिऱ्याच्या सुईनं ओढतात.
जोरात ओढली तर झिलई करकरते, दात आंबतात.
ही इतकी हलकी होती
की मला नखानं चाचपावी लागली.

हे सगळं मी त्याला सांगितलं नाही.
तो किंमत विचारायला आला होता.
म्हटलं, ऐंशी. गिऱ्हाईक खुशीत असेल तर नव्वद.
त्याचा चेहरा सहाव्या हिश्शानं आटला.

गळते का बघायला नळाचं पाणी भरलं.
दोघे टेबलापाशी बसलो, बोलणं संपलेलं.
शंभर वर्षांनी एक थेंब बाहेर नाही.
कुणाच्या टेबलावर उभी होती ही,
कुणाच्या मुलीनं विकली,
की तीही वारली आणि घर रिकामं करणाऱ्यानं
चमच्यांसोबत डब्यात टाकली?

त्यानं टॉवेल गुंडाळला, आभार मानले, बसची वेळ विचारली.
पाणी ओतायचं त्याला सुचलं नाही.
मीही बोलले नाही.

खिडकीतून दिसत होतं:
उतारावरून तो सांभाळून चालला होता,
आणि मागं, कोरड्या फरशीवर,
बसथांब्यापर्यंत
ओले ठिपके, एकेरी,
एका पायानं कुणी उड्या मारत गेल्यासारखे.