बोका

कंपनीच्या फॉर्मवर सहावा रकाना:
बोका आढळला का? होय / नाही. संख्या.
खांबावरून चोरून ओढलेल्या तारेला
आमच्याकडे बोका म्हणतात.
रात्री पत्र्यांवरून येतो, पाय न वाजवता,
आणि तो पीत असताना
डोळे मिटून घेतं ते मीटर.

इटापेकुरूच्या काठी, शेवटच्या गल्लीत
देउझेनीरा बाबासूची फळं फोडत होती.
मांडीखाली कुऱ्हाड, पातं वर, हातात सोटा.
शिडी टेकवत विचारलं,
मावशी, घरात बोका आहे?

कुठला?

एक आला होता पांढऱ्या पिकअपमधून.
शर्टाला इस्त्री, खिशात उचल द्यायच्या नोटा.
याच पायरीवर कॉफी प्याला, साखर दोनदा मागून.
पारात कुरण साफ करायचंय, तीन महिने, जेवण फुकट.
मजूर गोळा करतो त्यालाही बोकाच म्हणतात,
तुझ्या रकान्यात बसतो का बघ.
जोझेनील्दो चढला त्याच्या गाडीत.
तिथं बूट उधार, कोयता उधार,
डोक्यावरची ताडपत्रीसुद्धा उधार.
तीन महिन्यांना आता तीन वर्षं झाली.

तसा माझा पोरगाही बोकाच.
धुण्याच्या दगडांवरून पोरी एकमेकींना कोपर मारायच्या,
बोका चालला बघ.
देखणा होता, मी आई म्हणून नाही सांगत.
आणि सतरा वर्षांखालच्या संघात
एकोणिसाव्या वर्षी खेळला, चुलतभावाच्या दाखल्यावर.
वय चोरणाऱ्यालाही तेच नाव.
पंचानं मिशीवरून धरला.

हसली. सोटा हाणला.
फळ फुटलं नाही, घरंगळत माझ्या शिडीपाशी आलं.

वर तार निळी होती,
जोडावर साखरेच्या पिशवीचं प्लास्टिक, तीनदा गुंडाळलेलं.
काय काय चालतं यावर?
एक दिवा. पंखा, पण तो फिरत नाही.
आणि फोन, कायम चार्जिंगला लावलेला.
त्याला हाच नंबर पाठ आहे, म्हणाली,
दुसरा कुठला पाठच केला नाही त्यानं.

पक्कड माझ्या हातात तापली होती उन्हानं.
खाली पायरीवर एक फाटक्या कानाचा,
चार पायांचा, शेपटीचा,
पंजा चाटत बसला होता, कुणाचंच देणं नसल्यासारखा.
याचं नाव काय?
याला नाव नाही, ती म्हणाली,
होतं ते सगळ्यांनी वाटून घेतलं.

सहाव्या रकान्यात मी लिहिलं: होय.
संख्या: चार.
संध्याकाळी साहेबांनी विचारलं, चारही कापलेस?
म्हटलं, एकही हाती लागला नाही.

साहेब स्वतः जाणार आहेत, बुधवारी.
आज सोमवार.
फोन वाजायला दोन रात्री आहेत.