गुणलेखिका

ये स्मिल्ते, बस. चहा तूच ओत, माझा हात हल्ली सांडतो.
क्लबाला सत्तर वर्षं होतायत म्हणून तुला वही हवीय,
किती सामने, किती विजय, कुणाचे किती गुण.
घेऊन जा. शाई काही ठिकाणी फुटलीय,
ती तागाच्या गिरणीतली दमट हवा.

सुरुवात टोपलीपासून झाली, हे खरंय.
साहेबाने आमच्या अर्जाला केराची टोपली दाखवली
आणि गेनोवायते म्हणाली, बरं, मग टोपली तरी द्या.
रात्रपाळीनंतर तिने तिचं बूड कापलं,
धान्याच्या कोठारात भिंतीला ठोकली.
जमीन शेगडीच्या बाजूला उतरती होती,
सुटलेला चेंडू आपोआप उबेकडे जायचा.
बाहेरच्या संघांना हे कळायला अर्धा सामना लागे.
आम्ही सांगत नसू.

माझं बोट विंचरणीच्या यंत्रात गेलेलं,
म्हणून मी टेबलापाशी. पेन्सिल, शिट्टी, वही.
समासात बघ काय काय आहे:
झुझानाकडे सरपण नाही, शुक्रवारी सहाजणी.
दांगुओलेची प्रसूती, तिच्या मागावर एल्झे.
म्हाताऱ्या योकुबासला खांदा द्यायला मुलगे नव्हते,
आम्ही गेलो, उंचीप्रमाणे उभ्या राहिलो,
पेटी पाण्यासारखी सपाट गेली.
पाद्री कुरकुरला. मग पुढच्या वेळी त्यानेच बोलावलं.

आता हे पान.
वेलुपिसशी सामना, फेब्रुवारी.
कुठल्याशा कचेरीत ठरलं होतं,
दोन गिरण्या, पाळणाघर एकच, जिंकेल तिच्या गावाला.
असं ठरवणारे लोक असतात.
बाळं तेव्हा तागाच्या पेंढ्यांत झोपायची,
झोपेत खोकायची.

एकोणचाळीस-चाळीस. आम्ही मागे.
तेक्लेने चेंडू टाकला आणि दिवे गेले.
मी पाहिलं, स्मिल्ते. खिडकीतून बर्फाचा उजेड येत होता.
चेंडू कडीवर बसला, जरासा विचार केला,
आणि बाहेर पडला.

दिवे आले तेव्हा चेंडू शेगडीपाशी.
पंचाने माझ्याकडे पाहिलं, त्यालाही दिसलं नव्हतं.
मी दोन लिहिले.
शेजारी त्यांची गुणलेखिका, माझ्याच वयाची,
कोपरावर ठिगळ, बोटांना तोच तेलाचा वास.
तिने माझ्या वहीत पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि तिच्या वहीतही दोन लिहिले.
का, ते मला आजवर कळलेलं नाही.
तिला दिसलं नसेल.
किंवा दिसलं असेल.

पाळणाघर आपल्याला मिळालं. तुझी आई तिथेच चालायला शिकली,
भिंतीला धरून, निळ्या रंगाच्या.

वसंतात मी क्लबाच्या सभेत उठले, म्हटलं,
रविवारी वेलुपिसला जाऊ, त्यांची पोरं सांभाळू,
तिथल्या बायकांना तेवढीच झोप.
गेनोवायतेने माझी पाठ थोपटली, काय मोठं मन गं तुझं.
सोळा वर्षं गेलो आम्ही, बसने, कधी दूधगाडीने.
सगळ्यांच्या आधी थांब्यावर मी उभी.
ती मात्र मला पुन्हा दिसली नाही.
नाव विचारायचा धीर झाला नाही कधी.

लोक म्हणतात, औषधाला गुण येतो.
येत असेल. त्या दोन गुणांचं
मला अजून नीट सांगता येत नाही,
ते कुणाला लागू पडले, कुणाला बाधले.

तू हे सगळं यंत्रावर चढवणार, मुलींना दाखवणार,
नव्या सभागृहात, जिथे जमीन सपाट आहे.
दाखव. तेक्लेचं नाव मोठ्या अक्षरात टाक,
तिने त्या दिवशी बाकीचे अठरा खरेच केले होते.
तिला मी कधी सांगितलं नाही,
ती मरेपर्यंत तो नेम आठवून हसायची.

फक्त ते एक पान
तुझ्या यंत्रावर पेन्सिलने लिहिता येत असेल, तर बघ.